काढा गोड लागला तेव्हा

युझोऊ,
२७ ऑक्टोबर १९९१

चि. सूलान हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, इथे सगळे खुशाल आहेत. अकरा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि तूही मला लिहिली नाहीस. पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू ते तसंच चुलीत टाकलं असतंस तरी मी काय करणार होते? पण फोडलंस. आता फोडलंच आहेस तर पुढचंही वाच.

तुझ्या युंगनिंगला मुलगी झाल्याचं कळलं. बाजारात तुमच्या गावची एक बाई कांदे विकायला बसते, तिने सांगितलं. म्हणजे तू आजी झालीस! मला अजून तू शेंबडी, माझ्या पाठीमागे पळणारीच दिसतेस. सैन्यातून परत आल्यावर युंगनिंग कसा आहे, काय करतो, हे मात्र त्या बाईला सांगता आलं नाही.

सोबत पुडकं पाठवलंय, त्यात तीन पुड्या आहेत. मी तीस वर्षं औषधाच्या दुकानात काढली असली तरी तू माझं ऐकणार नाहीस हे मला माहीत आहे. म्हणून लिहून देते, सुनेला वाचून दाखव. मोठी पुडी तांगग्वेईच्या मुळीची. ती बाळंतिणीला. कोंबडीच्या सुपात चार चकत्या टाकायच्या, आल्याचा तुकडा टाकायचा आणि मंद आचेवर ठेवायचं. रक्त भरून येतं, हातापायांना ऊब येते. पण अंगात ताप असेल तर द्यायची नाही, आणि जुलाब होत असतील तरी नाही. 'ताईने पाठवलंय' म्हणून उगाच वाटीवर वाटी पाजू नकोस. दुसऱ्या पुडीत शेवंतीची फुलं आहेत, ती तुझ्या डोळ्यांसाठी. दिवसभर शिवणाच्या मशीनवर वाकतेस, डोळे जळत असणारच. पाच-सहा फुलं गरम पाण्यात टाकून पी, आणि हो, चष्मा कर. फुलांनी सुईत दोरा ओवता येत नाही. तिसरी पुडी संत्र्याच्या वाळलेल्या सालीची. ही मी स्वतः सहा वर्षं जपून मुरवली आहे. पोट फुगलं, कफ झाला, जेवण जाईना, की एक तुकडा उकळून घ्यायचा.

तुझे दाजी मजेत आहेत. भट्टीवरून निवृत्त झाले तरी सकाळी उठून भट्टीकडे एक फेरी मारतातच. नवीन पोरांना भांडी भाजता येत नाहीत म्हणून शिव्या घालतात, आणि मग झाडाखाली बुद्धिबळ खेळत बसतात. हल्ली वाफेच्या पावाला हात लावत नाहीत, दात हलतात म्हणे. मी आपल्या बारीक शेवया जास्त शिजवून देते. थोडे वाळले आहेत, पण म्हातारपणी कोण फुगतं? आमचा वेनबो शिनच्यांगमध्येच आहे, वाळवंटात तेलाच्या विहिरी खोदतो. नव्या वर्षाला येईन म्हणतो, दरवर्षीच म्हणतो.

बाकी विशेष काही नाही. थंडी सुरू झाली आहे, गुडघे सांभाळ.

तुझी थोरली बहीण,
सूयुन

ता. क. ते मडकं माझ्याकडेच आहे. मी फोडलेलं नाही.


युझोऊ,
१९ नोव्हेंबर १९९१

सूलान,

तुझं पुडकं काल मिळालं. आधी चिठ्ठी शोधली. कागद झटकला, पिशवी उलटी केली, काही नव्हतं. कमळकंदाच्या पिठाच्या दोन पिशव्या तेवढ्या होत्या.

मी खाली बसले गं. तू एक अक्षर लिहिलं नाहीस, तरी तुझं पत्र मला पुरं मिळालं. मी 'दात हलतात' लिहिलं आणि तू दाताचं औषध पाठवलं नाहीस. ज्याला घास गिळता येत नाही त्याला पाजायचं पीठ पाठवलंस. तुझा देशान अंथरुणावर होता तेव्हा तू हेच पीठ कालवायचीस, चमचा चमचा. आधी पाव सुटला, मग शेवया, मग नुसतं शेवयांचं पाणी. तू हे सगळं पाहिलेलं आहेस. तुझ्यापासून मी काय लपवणार होते?

तर ऐक. दात बरे आहेत. तुझ्या दाजींना देशानचंच दुखणं झालंय. उन्हाळ्यापासून घास अडकतो. सप्टेंबरमध्ये झंगझोऊच्या मोठ्या इस्पितळात नेलं, नळी घालून पाहिलं. तिथल्या डॉक्टरने मला बाहेर व्हरांड्यात बोलावून सांगितलं की कापायचे दिवस निघून गेलेत. आत येऊन मी ह्यांना म्हटलं, "अन्ननलिकेला जखम आहे, औषधाने भरून येईल." हे म्हणाले, "मग तुझं दुकान कशाला आहे? चल घरी."

घरी आलो. वैद्य मियाओंकडे नेलं. तू त्यांना ओळखत नसशील, आपल्या गंग आजोबांचे ते शिष्य. गंग आजोबा जाऊन सहा वर्षं झाली. मियाओंनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि औषधांची कडक चिठ्ठी लिहिली. वाळलेले विंचू, गोम, रेवाचिनी, आणि आणखी आठ-दहा वस्तू. विषावर विष. मी निवृत्त झाले असले तरी ह्यांच्या पुड्या दुकानात जाऊन मीच तोलते, दुसऱ्या कुणाच्या हाताची मला खात्री वाटत नाही. काढा इतका कडू व्हायचा की सगळ्या घराला वास सुटायचा. हे वाटी तोंडाला लावायच्या आधी दर वेळी म्हणायचे, "मला मारायला दुखणं पुरेसं नव्हतं का? विंचू कशाला बोलावलेस?" आणि नाक धरून पिऊन टाकायचे.

एक महिना बरं वाटलं, खोटं नाही सांगत. पंधरा दिवस शेवया नीट गेल्या. रंग सुधारला. मला वाटलं, जमेल.

गेल्या गुरुवारी मियाओंनी नवी चिठ्ठी दिली. मी न वाचताच पिशवीत टाकली आणि दुकानात जाऊन तराजू घेऊन कपाटापुढे उभी राहिले. तुला ते कपाट आठवतं, भिंतभर खण आणि प्रत्येक खणावर नाव. हात आपोआप विंचवाच्या खणाकडे गेला. मग चिठ्ठी उघडली, तर त्यात विंचू नव्हता, गोम नव्हती, रेवाचिनी नव्हती. लाल बोरं, ज्येष्ठमध, मोड आणून भाजलेले जव, संत्र्याची साल, आलं, तांदूळ, आणि तोंडाला कोरड पडू नये म्हणून एक कंद. सातच वस्तू, आणि सगळ्या पोट सांभाळणाऱ्या. ह्यातली एकही दुखण्याच्या अंगावर जात नाही.

सूलान, वैद्य तोंडाने सांगत नाहीत. चिठ्ठीतून सांगतात. लढणारी औषधं काढून घेतली आणि फक्त घास दोन घास उतरावा एवढ्यापुरती ठेवली, की त्याचा अर्थ एकच असतो. रोग्याला तो वाचता येत नाही, घरच्यांना येत नाही. खण उघडून तोलणाऱ्याला येतो.

मी तशीच परत मियाओंकडे गेले. विचारलं, "वैद्यबुवा, नवं वर्ष दिसेल का त्यांना?" ते शाईच्या डबीचं झाकण लावत म्हणाले, "मावशी, तुम्ही चिठ्ठी वाचलीत ना?"

मी पुड्या बांधल्या आणि घरी आले.

दुपारी काढा दिला. ह्यांनी सवयीने नाक धरलं, एक घोट घेतला, आणि नाक सोडलं. म्हणाले, "अगं, आज गोड लागतोय!" सगळी वाटी संपवली. केवढा आनंद झाला होता त्यांना. "बघ, कडू संपलं. म्हणजे आता उतार पडला."

आणि मी मान हलवली. अगदी तशीच मान मी एकदा आधी हलवली आहे.

आता तुला ते सांगते, जे मी अकरा वर्षं कुणालाही सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही.

त्या हिवाळ्यात तू दुकानाच्या दारात आलीस. डोक्याला रुमाल, गाल थंडीने लाल झालेले, आणि हसत होतीस. म्हणालीस, "ताई, तुझं औषध आता गोड लागतं म्हणतात हे. वाटी चाटून पुसून साफ करतात." तुझ्या हातात तारेचा कागद होता. युंगनिंगला सैन्यातून बोलवायची तार तू लिहून आणली होतीस. कागद माझ्यापुढे धरून विचारलंस, "पाठवू का? की थांबू? उगाच पोराला घाबरवायला नको, आता उतार पडतोय तर." आणि मी म्हटलं, "अजून सात पुड्या होऊ देत. मग बघू."

तुला आजवर वाटत आलंय की ताईला फाजील विश्वास होता. औषधाची घमेंड होती, म्हणून ताईने चुकीचा सल्ला दिला. तू जाताना तेच बोललीस, "तुझ्या पुड्यांच्या घमेंडीपायी माझ्या पोराला बापाचं तोंड दिसलं नाही." मी ते ऐकून घेतलं. कारण खरं त्याहून वाईट होतं.

मला घमेंड नव्हती. मला माहीत होतं. देशानची ती चिठ्ठी गंग आजोबांनी लिहिली होती आणि मी तोलली होती. लाल बोरं, ज्येष्ठमध, भाजलेले जव. तू दारात हसत उभी होतीस तेव्हा चिठ्ठी माझ्या हाताखाली, तराजूच्या पलीकडे पडलेली होती.

सात पुड्या म्हणजे सात दिवस. पाचव्या दिवशी तो गेला. तार त्यानंतर गेली, आणि युंगनिंग माती देऊन झाल्यावर दोन दिवसांनी आला. गणवेशातच दारात उभा राहिला आणि विचारलं, "मावशी, बाबा कुठे आहेत?" त्याने तुला नाही विचारलं, मला विचारलं. मी समोर होते.

मी तुला का सांगितलं नाही? खूपदा विचार केला. कधी वाटतं, तुझं हसू बघवत होतं आणि दुसरं काही बघवलं नसतं. कधी वाटतं, मी तीस वर्षं लोकांना 'घ्या, बरं वाटेल' म्हणतच जगले. बहुतेकांना वाटायचंही. पोरांचं अपचन, बायकांचं अशक्तपण, म्हाताऱ्यांचा खोकला, वाकडी झालेली कंबर, हे सगळं मी बरं झालेलं पाहिलंय. औषध खोटं नाही सूलान, तू त्याच्यावर रागावू नकोस. पण 'बरं वाटेल' म्हणायची जिभेला इतकी सवय झाली की जिथे दुसरं बोलायला हवं होतं तिथेही तेच बाहेर आलं. ही सबब नाही. मी भित्री होते, एवढंच खरं आहे.

देशान गेल्याच्या एकोणपन्नासाव्या दिवशी, शेवटचे विधी झाल्यावर, त्याच्या काढ्यासाठी आमच्याकडून नेलेलं मडकं तू परत आणून आमच्या उंबऱ्यावर ठेवलंस. औषधाचं मडकं कोणी परत करतं का? ज्याच्या घरी पुढचं आजारपण येईल तो स्वतः येऊन उचलून नेतो, तोवर ते जिथे आहे तिथेच राहतं. परत करणं म्हणजे दुखणं दारात आणून ठेवणं. आईनेच आपल्याला हे शिकवलं. शेजारणी दारांतून बघत होत्या, आणि तू मागे न वळता गेलीस. ह्यांनी ते उचललं. मी म्हटलं, "फेकून द्या." हे म्हणाले, "मी भाजलंय ते. चांगलं भाजलंय. मडक्याचा काय दोष?" आणि कोळशामागे नेऊन ठेवलं.

ह्या वेळी इस्पितळातून आल्यावर तेच त्यांनी स्वतः काढलं, धुतलं आणि मला म्हणाले, "घे, सूलानचं मडकं. बाजारातल्या पातळ मडक्यात काढा करपतो." नाव तुझंच घेतलं. मला वाटायचं, हे तुला विसरले.

रोज चोथा मी वाटेवर नेऊन टाकते. आपली रीतच आहे, लोकांच्या पायाखाली दुखणं तुडवलं जावं म्हणून. पूर्वी विंचवाच्या नांग्या दिसायच्या तर न्यू आडनावाची शेजारीण लांबून वळसा घालायची. परवा ती थांबली, वाकून बघितलं आणि हसली. "काय गं वहिनी, औषध उकळतेस की खीर? नुसती बोरंच बोरं! आमच्या कोंबड्या खाऊन जातील." मी पण हसले. म्हटलं, "खाऊ दे." खरंच कोंबड्यांनी खाल्लं ते. वाटेवर तुडवायला काही उरलंच नाही. घरी येऊन दार लावलं आणि रडले. हे आतून ओरडले, "काय झालं?" मी म्हटलं, "धूर गेला डोळ्यांत."

आता माझी गत सांगते. वेनबोला तार करायला हवी. तो जिथे आहे तिथून उरुमचीला यायला ट्रकने दोन दिवस, तिथून आगगाडीने तीन दिवस आणि तीन रात्री, मग झंगझोऊहून बस. जमलं तर सहा दिवस. मियाओंच्या तोंडून मी दिवस काढून घेऊ शकले नाही, पण काल तुझं पीठ कालवून दिलं तर चार चमचे गेले. आज तीन. किती दिवस आहेत हे तुला माझ्याहून जास्त कळेल.

मी पोस्टात गेले नाही असं समजू नकोस. तीनदा गेले. दर वेळी कागद घेतला, वेनबोचं नाव लिहिलं, पत्ता लिहिला. मजकूर चारच अक्षरांचा आहे: वडील, आजारी, त्वरित, परत. पहिली तीन लिहिली. चौथ्यापाशी हात थांबतो. तू विश्वास ठेवणार नाहीस. तांगग्वेईच्या नावातलं दुसरं अक्षर तेच ना गं. 'परतायला हवं', तेच त्या मुळीचं नाव. तीस वर्षं रोज शेकडो पुड्यांवर मी ते अक्षर न बघता लिहिलं. माझ्या बोटांना दुसरं कुठलं अक्षर इतकं पाठ नाही. आणि आता पोस्टातल्या त्या उतरत्या टेबलावर लेखणी टेकवली की शाईचा ठिपका पडतो, आणि पुढे काहीच होत नाही. मागची माणसं म्हणतात, "आजी, झालं का?" मी कागद घडी करून खिशात घालते आणि घरी येते.

कारण ते लिहिलं की खरं होतं. वेनबो दारात उभा राहिला की ह्यांना कळेल. फेब्रुवारीतल्या नव्या वर्षाला अजून अडीच महिने आहेत, पोरगा नोव्हेंबरमध्येच का आला, एवढं कळायला वैद्य लागत नाही. आणि नाही लिहिलं तर वेनबो येऊन मला विचारेल, "आई, बाबा कुठे आहेत?" दोन्हीकडून मीच.

काल ह्यांनी विचारलं, "हल्ली पुडीत काय काय घालतेस?" मी पाठ केल्यासारखं म्हटलं, "विंचू, गोम, रेवाचिनी." हे माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "विंचू गोड असतात होय?" आणि हसले. हसताना खोकला आला. मग हळूच म्हणाले, "वेनबोला सुट्टी मिळत नसेल तर राहू दे. पण मिळत असेल तर..." मी उठून वाटी धुवायला गेले. आधीच धुतलेली वाटी पुन्हा धुतली.

सूलान, मी तुझ्याकडे क्षमा मागत नाही. युंगनिंगचे ते दोन दिवस मला परत करता येत नाहीत, मग मागू कशाच्या जोरावर? त्याला हे पत्र वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. वाचून दाखवलंस तर तो मला जे काही म्हणेल ते मी ऐकून घेईन.

मला एकच मागायचं आहे. तिसऱ्या खेपेचा तारेचा कागद ह्या पाकिटात घातला आहे. नाव, पत्ता आणि तीन अक्षरं माझ्या हातची आहेत. चौथं तू लिही, आणि तुमच्या पोस्टातून पाठव. तुझा हात थांबणार नाही, कारण न लिहिल्याने काय होतं ते तू पाहिलेलं आहेस.

आणि यायचं मनात आलं तर ये. ह्यांनी नाव घेतलंय तुझं. मडक्यासाठी येऊ नकोस, ते आता इथेच राहील. पीठ कालवताना गाठी होतात माझ्याकडून, आधी गार पाण्यात भिजवायचं की एकदम उकळतं ओतायचं ते मला येत नाही. आयुष्यभर सगळ्या गावाला काय कसं प्यायचं ते सांगत आले, आणि हे एवढं येत नाही.

पत्र मिळेल त्याच दिवशी पोस्टात जा. माझ्यासारखी सात पुड्यांपुरती थांबू नकोस.

जिने तुझी तार अडवली ती,
सूयुन